पथकातील टोल

श्रींच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या जोडीला टोल असावा काय? अरुंद पेठेत त्याचा घणघणाट माडीवरील आजारी वृद्धास व पाळण्यातील बालकास सोसवत नाही, ही तक्रार खोटी नव्हे.

तथापि टोल हद्दपार करावा, असे आम्हांस वाटत नाही. भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. ढोल-ताशे अवनद्ध, टोल, झांज आणि देवघरातील घंटाही घनवाद्येच. ताल दाखविणे हे घनवाद्याचे काम. कीर्तनात टाळ धरणारा पखवाजाशी चढाओढ करीत नाही. पथकात तर ह्या कामाची गरज अधिकच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांबीच्या रांगेत पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलवादकास सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो, आणि तेवढ्यात हात मागे पडतो. रांगेच्या मध्यावरील टोल हे अंतर निम्म्यावर आणतो.

पण त्यासाठी एकच टोल पुरे. प्रत्येक ठोक्याला चार-चार टोल बडविण्यास ताल धरणे म्हणत नाहीत. पथकप्रमुखांनी तो एकही केवळ समेवर वाजवू द्यावा, आणि रुग्णालयासमोर तर मुकाच ठेवावा.