तळ्याकाठची शाळा

शाळांच्या सहलींचे दिवस आले की मला एक प्रश्न नेहमी पडतो. गाडीत अंताक्षरी, उतरल्यावर फोटो, दुपारी डबा आणि संध्याकाळी परत. एवढ्यासाठी शाळेचा एक दिवस खर्च करायचा का? माझं मत असं की करायचा, पण तो दिवस अभ्यासाचा म्हणून मोजून.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेलं हे विवर, म्हणजे झाला भूगोल. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मग काठावरून पूर्ण फेरी किती मोठी? ताशी चार किलोमीटर चालीने किती वेळ लागेल? उत्तर साधारण साडेपाच किलोमीटर आणि दीड तासाच्या आत. असं चालून पाहिलेलं पाय (π) मुलं जन्मात विसरत नाहीत.

पाण्यात तांबडा लिटमस बुडवा, निळा होतो. पाणी अल्कधर्मी का? झरे आणि पाऊस पाणी आणतात, पण बाहेर जायला वाटच नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झालं. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत होती, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. झालं की जीवशास्त्र!

आता मराठीचा तास. लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचं मंदिर आणि 'लवण' शब्द. घरातलं लोणचं त्याच शब्दाचं नातलग आहे, हे सांगितलं की मुलांचे डोळे बघा.

निसर्गात तासाची घंटा नसते. विषयांचे कप्पे आपणच केले, आणि मुलांना वाटतं की जगही तसंच कप्प्यांचं आहे. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून कुणाला टोचत नाही.

काही शिक्षकमित्र म्हणतात, खर्च, जबाबदारी आणि पोर्शन यांचं काय? रास्त आहे. पण लोणारच हवं असं नाही. गावचा पाझर तलावही चालेल. फक्त चार विषयांच्या शिक्षकांनी आधी एकत्र बसून प्रश्न ठरवावेत आणि काठावरही एकत्र यावं. मुलांना फिरवणं सोपं आहे, खरं अवघड आहे ते शिक्षकांना एका सतरंजीवर बसवणं!

तुमच्या गावचं तळं कोणतं?