अनुदान हा उपकार नव्हे!

बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ या वर्षाचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. गोव्यासारख्या राज्याच्या वार्षिक अर्थसंकल्पाहूनही ही रक्कम कितीतरी मोठी आहे. तिचा मोठा भाग रस्ते, पूल, पाणी, मलनिःसारण आणि आस्थापना यांवर खर्च होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु याच तिजोरीतून एक लहानसा प्रवाह अनुदानित शाळा, बचत गट, सेवाभावी संस्था आणि हातावर पोट असलेले व्यावसायिक यांच्याकडेही वाहत असतो. रकमेच्या दृष्टीने तो नगण्य असेल. पण अंधेरीच्या वस्तीतील शिवणकाम करणाऱ्या भगिनीला किंवा मुलुंडच्या नाक्यावरील भाजीवाल्याला महापालिका भेटते ती याच वाटेवर. म्हणूनच ही वाट सरळ आहे की वाकडी, याची चौकशी नागरिकांनी केली पाहिजे.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेची कर्तव्ये दोन भागांत विभागली आहेत. कलम ६१ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर कलम ६३ मध्ये स्वेच्छाधीन. प्राथमिक शिक्षण बंधनकारक आहे. त्यामुळे खाजगी अनुदानित प्राथमिक शाळांचे अनुदान विलंबाने मिळाले तरी त्याला कायद्याचा आधार असतो. संस्थांना आणि लघुउद्योगांना द्यावयाचे साहाय्य मात्र बव्हंशी स्वेच्छेच्या प्रांतात मोडते. जेथे स्वेच्छा असते तेथे ओळख, शिफारस आणि मध्यस्थ यांना वाव मिळतो. ‘साहेबांकडे शब्द टाका’ हे आपल्या सार्वजनिक जीवनातील वाक्य याच प्रांतात जन्मले आहे.

नियम स्पष्ट असले की काय घडते, याचे उदाहरण जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेने घालून दिले. निधी केंद्राचा, कर्ज बँकेचे आणि पथविक्रेत्याची ओळख पटवून शिफारसपत्र देण्याचे काम महापालिकेचे, अशी तिची रचना आहे. प्रारंभी तारणाविना १० हजार रुपये, ते वेळेवर फेडल्यास २० हजार, त्यानंतर ५० हजार. आणि नियमित परतफेडीवर ७ टक्के व्याजसवलत थेट खात्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले दोन हप्ते १५ हजार व २५ हजार करण्यात आले आणि योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात आली. फुकट वाटप न करता विश्वास पायरीपायरीने वाढविणारी ही पद्धत आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाच्या विचारात रांगेतील शेवटच्या माणसाचा स्वाभिमान गृहीत धरलेला आहे. येथे त्या स्वाभिमानाला स्थान मिळाले.

परंतु याच योजनेने महापालिकेतील विसंगतीही उघडी पाडली. १९ जानेवारी २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यक्रमात मुंबईतील एक लाखाहून अधिक पथविक्रेत्यांच्या कर्जवितरणास प्रारंभ झाला. दुसरीकडे, २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार फेरीवाल्यांनी अर्ज भरले असताना, नगर पथविक्रेता समितीच्या २०२४ मधील निवडणुकीत मतदार म्हणून मान्यता मिळाली ती सुमारे ३२ हजारांना. एका खात्याने शिफारसपत्र द्यायचे आणि दुसऱ्या खात्याच्या गाडीने त्याच माणसाचा माल उचलायचा, हा कुठला न्याय? पदपथ पादचाऱ्यांसाठी मोकळे असावेत यात दुमत नाही. पण ज्याला कर्ज घ्यायला लावले, त्याला ते फेडण्यासाठी बसायची जागा कोणती, याचे उत्तर महापालिकेनेच दिले पाहिजे.

सेवाभावी संस्थांची कथा याहून निराळी नाही. झोपडपट्ट्यांच्या स्वच्छतेसाठी दत्तक वस्ती योजना आली. २०१३ साली तिचे रूपांतर स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियानात झाले. वस्तीतील संस्थेने वस्ती स्वच्छ ठेवावी आणि महापालिकेने मानधन द्यावे, ही मूळ कल्पना उत्तम होती. पुढे काही ठिकाणी कागदोपत्री कामाच्या तक्रारी आल्या, तर प्रामाणिक संस्था देयकांसाठी हेलपाटे घालून थकल्या. २०२४ मध्ये महापालिकेने या कामासाठी सुमारे १,४०० कोटी रुपयांची एकत्रित निविदा काढली, तेव्हा लहान संस्थांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. चोर आणि साव यांची निवड करता येत नाही म्हणून दोघांनाही घराबाहेर काढणे, याला कोणी सुधारणा म्हणणार नाही.

यावर उपाय नव्याने शोधण्याची गरज नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अनुदान कार्यक्रमांची कार्यपद्धती, त्यासाठी ठेवलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताही प्रसिद्ध करावयाचा आहे. घाटकोपरच्या एन विभागात, मुलुंडच्या टी विभागात, बोरिवलीच्या आर मध्य विभागात किंवा अंधेरीच्या दोन्ही के विभागांत प्रवेशद्वाराशीच असा फलक मराठीत लावावा: कोणती योजना, पात्रता काय, अर्ज कधी, निर्णय किती दिवसांत आणि गतवर्षी कोणाला किती. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती होती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा सभागृहात आले आहेत. पक्ष कोणताही असो, आपल्या प्रभागात हा फलक लागला की नाही, हे त्यांना विचारण्याचा मतदाराला अधिकार आहे.

मात्र हिशेब केवळ महापालिकेचाच मागून चालणार नाही. धर्मादाय आयुक्तांकडील अद्ययावत नोंदणी, सनदी लेखापालाने तपासलेले ताळेबंद, खर्चाच्या पावत्या आणि वेळेवर दिलेले उपयोगिता प्रमाणपत्र, ही अनुदान घेणाऱ्या संस्थेची किमान शिस्त आहे. आपल्याकडील कित्येक मंडळांचे काम सोन्यासारखे असते, पण दप्तर चिंधीसारखे! सेवेला हिशेबाची काय गरज, हा भोळेपणा आता परवडणारा नाही. दात्याने दिलेला रुपया जितका पवित्र, तितकाच करदात्याचाही.

आणि एक पथ्य. संघकार्य १९२८ पासून गुरुदक्षिणेवर उभे आहे. समाजाच्या बळावर चालणारे काम कोणाच्या कृपेवर अवलंबून राहत नाही, हा त्यामागील अनुभव आहे. अनुदान घ्यावे ते कामाचा विस्तार करण्यासाठी. काम उभे राहावे ते समाजाच्या आधारावर. अनुदान थांबताच जी संस्था बंद पडते, ती मुळात समाजाची नव्हतीच असे म्हणावे लागेल.

यास्तव प्रत्येक उपनगरातील कार्यकर्त्यांनी एक छोटे काम अंगावर घ्यावे. आपल्या वस्तीतील बचत गट, पोळी-भाजी केंद्र चालविणाऱ्या भगिनी आणि नाक्यावरील विक्रेते यांना योजनांची माहिती द्यावी, अर्ज भरण्यास साहाय्य करावे आणि त्यासाठी एक पैसाही घेऊ नये. मध्यस्थाची जागा स्वयंसेवकाने घेतली, तर अनुदान हा उपकार न राहता नागरिकाचा हक्क होईल.