आकाश सर्वांचे, मैदान कोणाचे?

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता महिनाभर अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या आमच्या कन्येकडे जाऊन आलो. सोबत आठवीत शिकणारा नातू होता. त्याच्या आतेभावाकडे तळहातावर मावेल असा एक ड्रोन आहे. वजन अडीचशे ग्रॅमहूनही कमी. एका रविवारी दोघांना घेऊन मी जवळच्या एका सार्वजनिक उद्यानात गेलो. तेथे छोटी विमाने उडविण्याचे स्वतंत्र मैदान आहे. गवत बारीक कापून केलेली धावपट्टी, विमाने जुळविण्यासाठी लाकडी मेजे, प्रेक्षकांसाठी जाळीमागे बाके, असा सारा नीटनेटका थाट होता. प्रवेशद्वारापाशी मात्र पाटी होती : येथे केवळ सभासदांनाच उड्डाण करता येईल.

मुले हिरमुसली. नातवाने विचारले, "आजोबा, बाग सरकारची, आकाश सगळ्यांचे; मग सभासद कशाला व्हायचे?"

बँकेतील नोकरीत मी असंख्य लोकांकडून अर्ज, छायाचित्रे आणि जामीनदारांच्या सह्या घेतल्या. तेव्हा हाच प्रश्न ग्राहक मला विचारीत असत. आज तो माझ्याच घरातून आला आणि चटकन उत्तर सुचले नाही.

आमची कुजबुज ऐकून माझ्याच वयाचे एक सभासद पुढे आले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले ते असे : कायदा कोणालाही क्लबचे सभासद व्हावयास सांगत नाही. परंतु ही जमीन उद्यान खात्याने क्लबला कराराने दिली आहे. येथे काही अपघात घडल्यास भरपाई क्लबने द्यावयाची, अशी त्या करारातील अट आहे. क्लबच्या विम्याचे संरक्षण सभासदांपुरतेच असते. म्हणून पाटी.

घरी आल्यावर जावयांच्या मदतीने मी याविषयी थोडे वाचन केले. अमेरिकेतील कायद्यानुसार हौसेखातर ड्रोन उडविणाऱ्याने एखाद्या मान्यताप्राप्त संघटनेची सुरक्षा-नियमावली पाळली पाहिजे. मात्र त्या संघटनेचे सभासद असलेच पाहिजे असे बंधन नाही. एक छोटी विनाशुल्क परीक्षा द्यावी लागते आणि अडीचशे ग्रॅमहून जड यंत्राची नोंदणी करावी लागते. तेथील 'अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स' ही संघटना १९३६ पासून कार्यरत असून देशभरातील बहुसंख्य मैदाने तिच्याशी संलग्न क्लब सांभाळतात. म्हणजे उड्डाणाचा परवाना शासनाचा, पण मैदानाचा उंबरठा क्लबचा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वाद सुरू होतो.

क्लबची गरज मुळात कशी निर्माण झाली, हेही मनोरंजक आहे. पूर्वी प्रत्येक रिमोट ठरावीक रेडिओ-लहरीवर चाले. एकाच लहरीवर दोघांनी रिमोट सुरू केला, तर हवेतले विमान क्षणात ताबा सोडून कोसळे. त्यामुळे प्रत्येक मैदानावर एक फळा असे आणि आपल्या लहरीच्या क्रमांकाची खूण त्यावर अडकविल्यावाचून कोणी रिमोटला हात लावीत नसे. त्या शिस्तीसाठी सभासदांची यादी आणि देखरेख आवश्यकच होती. आजचे रिमोट आपली लहर स्वतःच बदलून परस्परांचा अडथळा टाळतात. त्यामुळे ते कारण आता उरलेले नाही.

मात्र अन्य कारणे उरली आहेत. विमान धावपट्टीच्या बाजूने ठरलेल्या मार्गाने वेगात फेऱ्या मारते. ड्रोन मध्येच एका जागी स्थिर उभा राहतो. दोघांची चालच भिन्न. 'उतरतो आहे', 'धावपट्टीवर माणूस आहे' असे मोठ्याने पुकारण्याची रीत माहीत नसलेला एक नवखा माणूस दहा जाणत्यांना धोक्यात आणू शकतो. शिवाय गवत कापणे, जाळी दुरुस्त करणे, शेजाऱ्यांच्या आवाजाविषयीच्या तक्रारी ऐकून घेणे, ही कामे कोणी तरी करीतच असते. आयत्या मैदानावर येऊन हक्क सांगणे सोपे. मैदान उभे ठेवणे कठीण.

तरीही त्या क्लबने मुलांना परत पाठविले नाही, हे मला विशेष वाटले. पुढच्या रविवारी शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांना सरावाचे विमान उडवू दिले. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले होते. मुलाचा हात चुकला की शिक्षक एक कळ दाबून विमानाची सूत्रे आपल्याकडे घेत. दार बंद नव्हते. दाराशी कोणी तरी उभे होते, इतकेच.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरिकांच्या ड्रोन-वापरावर जवळजवळ बंदीच घातली होती. १ डिसेंबर २०१८ पासून नियमबद्ध परवानगी सुरू झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे ड्रोन नियम आले. या नियमांनी पूर्वीच्या पंचवीस अर्जांऐवजी पाच अर्ज ठेवले आणि शुल्काचे बहात्तर प्रकार चारवर आणले. व्यापारी वाचकांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

या नियमांत कोठेही क्लबच्या सभासदत्वाची अट नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनोसाठी तसेच व्यवसायाव्यतिरिक्त वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मोठ्या ड्रोनसाठी मात्र ते लागते आणि ते अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, दहावी उत्तीर्ण व्यक्तीलाच मिळते. नोंदणीचे शुल्क केवळ शंभर रुपये आहे. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत पूर्वपरवानगीवाचून उडविता येते. चालू विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फूट आहे आणि पाच ते आठ किलोमीटरच्या पिवळ्या पट्ट्यात परवानगी घ्यावी लागते. तांबड्या क्षेत्रात केंद्र शासनाच्या अनुमतीशिवाय उड्डाण नाही. आपल्या यवतमाळजवळ भारी येथे विमानतळ आहे. म्हणून उडविण्यापूर्वी शासनाचा अधिकृत नकाशा पाहणे आपणांस अधिकच अगत्याचे. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथे परदेशस्थ नातेवाईक असलेल्या कुटुंबांसाठी एक सूचना. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच अपवाद आहे. आतेभाऊ आपला जुना ड्रोन नातवाला भेट देण्यास निघाला होता. जावयांनी वेळीच नियम पाहिला, अन्यथा ती भेट विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या मेजावर राहिली असती. परत आल्यावर आम्ही भारतीय बनावटीचा एक नॅनो ड्रोन घेतला, नोंदणी केली, नकाशा पाहिला आणि मनात म्हटले, आता सारे कागद पुरे झाले.

कागद पुरे झाले होते, हे खरेच. एका सकाळी गावातील एका मोकळ्या मैदानावर नातू ड्रोन उडवीत होता आणि मी बाकावर बसलो होतो. अकस्मात वाऱ्याची झुळूक आली. ड्रोन मैदानाची कड ओलांडून रस्त्यावर गेला आणि सायकलवरून जाणाऱ्या एका दूधवाल्याच्या पुढ्यात पडला. त्याने दचकून ब्रेक दाबला. सायकल आडवी झाली, दोन्ही कॅन लवंडले, गुडघा फुटला. आम्ही धावलो. जखम धुतली, दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली, दुधाचे पैसे दिले. त्याने ते घेतले, पण जाता जाता म्हणाला, "पैशाचं राहू द्या साहेब, पन हे उडवाले इथं कोनं सांगतलं तुमाले?"

मी निरुत्तर झालो. नियमपुस्तकाप्रमाणे आम्हांस कोणी 'सांगण्याची' गरज नव्हती. त्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. या जागेची आणि या उड्डाणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे तो विचारीत होता. न्यू जर्सीच्या त्या पाटीचा अर्थ मला यवतमाळच्या रस्त्यावर कळला.

सभासदत्व म्हणजे जामीन. कर्जदार सज्जन असला तरी आपण जामीनदार घेतो, तो अविश्वासापोटी नव्हे. दिवस फिरले तर कोणी तरी उत्तर देण्यास हजर असावे, म्हणून. मैदानाचे सभासदत्व हा तसाच परस्पर जामीन आहे. एकाच्या चुकीची झळ सर्वांना लागते, म्हणून सर्वांचे एकावर लक्ष राहते. कायद्याने मोठ्या ड्रोनसाठी तृतीय पक्ष विम्याची तरतूद केली असली, तरी नॅनोला त्यातून सूट आहे. हौशी मुलांची यंत्रे बहुधा त्याच वर्गातील. म्हणजे ज्या हातांना अनुभव सर्वांत कमी, त्यांच्या पाठीशी विमाही नाही.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सार्वजनिक जमीन कराराने घेऊन एखाद्या क्लबने ती मूठभरांची मिरास बनविली, वर्गणी इतकी ठेवली की सामान्य घरातील मुलाने वळूनही पाहू नये, तर ती शिस्त नव्हे, मक्तेदारी होय. नातवाच्या प्रश्नात तथ्य होते. मग तोल कसा साधावा?

याचे उत्तर आपल्या पतसंस्थांपाशी आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 'नाममात्र सभासद' अशी सोय आहे. थोडक्या शुल्कात त्याचे नाव संस्थेच्या नोंदवहीत येते, व्यवहार करता येतो, संस्थेचे नियम त्यास लागू होतात. परंतु नफ्यात वा मालमत्तेत त्याचा वाटा नसतो. मैदानासही असाच एक वर्ग हवा. एका दिवसाची नोंद, माफक शुल्क, सोबत एक जाणता सभासद आणि पालकाची सही. पूर्ण सभासद कारभार पाहील, नाममात्र सभासद सुरक्षितपणे उडवील आणि दोघांचीही नावे वहीत असतील.

परंतु यासाठी मुळात मैदान हवे. वाचकहो, ते आपल्याच हाती आहे. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, आपल्या जिल्ह्यातील या कापूसपेठांत जिनिंगची विस्तीर्ण, कुंपण घातलेली आवारे आहेत आणि त्यांतील काही आपल्याच कुटुंबांची आहेत. हंगाम संपला की पुढच्या कापसापर्यंत ती बहुतांशी रिकामी असतात. रविवारी सकाळी दोन तास, उन्हाळ्यात किंवा पावसाच्या उघडिपीत, असे एखादे आवार मुलांसाठी का उघडू नये?

काही पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळावी लागतील. आवारात कापूस वा सरकी असेपर्यंत उड्डाण मुळीच नको. ड्रोनची लिथियम बॅटरी आघाताने फुटल्यास पेट घेते आणि कापसाच्या गंजीला एक ठिणगी पुरते. बॅटरी चार्ज करणे घरी, तेही कोणाच्या नजरेसमोर. वाळूची बादली हाताशी. विजेच्या तारा असलेली बाजू वर्ज्य. झाडांवर पक्ष्यांची घरटी असतील, तर त्या दिशेला जाणे नाही. प्रवेशद्वाराशी नोंदवही, आणि वहीत नाव नसलेला मुलगा, मग तो मालकाचा नातू का असेना, रिमोटला हात लावणार नाही. उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे आणि विमा प्रतिनिधीशी बोलून सामूहिक संरक्षणाची चौकशी करणे, ही दोन कामे माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने करतील.

हा केवळ पोरखेळ नव्हे. २०१७ मध्ये कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ती घटना आपण विसरू शकत नाही. पाठीवर पंप घेऊन विषाच्या फवाऱ्यात चालणाऱ्या माणसाला त्यातून बाहेर काढण्याचा एक मार्ग ड्रोन आहे. महिला बचत गटांना ड्रोन देणारी केंद्राची 'नमो ड्रोन दीदी' योजना त्याच दिशेची आहे. फवारणीचा अवजड ड्रोन चालविण्यास उद्या प्रमाणित हात लागतील. ज्या मुलाने लहानपणी वाऱ्याचा अंदाज, बॅटरीचा हिशेब आणि रस्त्यावरच्या माणसाची काळजी शिकली, त्याचे हात तेव्हा कामी येतील.

नातवाला मी आता उत्तर दिले आहे. आकाशासाठी सभासद व्हावे लागत नाही. आकाशाखाली जो चालतो आहे, त्याच्यासाठी व्हावे लागते. तोवर त्याचा ड्रोन कपाटात आहे. एखाद्या आवाराचे फाटक रविवारी उघडणार असेल, तर जरूर कळवावे. नोंदवही मी विकत आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर नातवाचे नाव असेल आणि उद्घाटनाला त्या दूधवाल्या दादांना सन्मानाने बोलावण्याचा माझा मानस आहे.