शिबिराचा मंडप उतरल्यावर काय? नेपाळकडून शिकण्यासारखं बरंच आहे

ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार म्हणजे जागतिक दृष्टिदिन. त्या सुमारास आपल्या शहरांत, मोहल्ल्यांत मोफत नेत्रतपासणी शिबिरं भरतात. बॅनर लागतात, पाहुण्यांचा सत्कार होतो, शे-दोनशे लोकांचे डोळे तपासले जातात, काहींना चष्मे मिळतात. काम चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मंडप उतरल्यानंतर पंधरा दिवसांनी एखाद्याला धूसर दिसू लागलं किंवा ऑपरेशन केलेला डोळा लाल झाला, तर त्याने कुणाकडे जायचं? या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी बहुतेक संस्थांकडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दृष्टीविषयी पहिला जागतिक अहवाल काढला. जगात किमान 220 कोटी लोकांच्या नजरेत काही ना काही दोष आहे आणि त्यातल्या किमान 100 कोटी लोकांचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार व्हायचे आहेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे औषध आहे, ऑपरेशन आहे, चष्मा आहे. तो माणसापर्यंत पोहोचत नाही. हे अंतर कमी कसं करायचं, याचं एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ते म्हणजे नेपाळ.

हाताच्या बोटांवर मोजण्याइतके डॉक्टर

नेपाळमध्ये 1980-81 साली देशभर अंधत्वाचं सर्वेक्षण झालं. लोकसंख्येच्या 0.84 टक्के लोक दोन्ही डोळ्यांनी अंध असल्याचं दिसलं. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंधत्वाचं कारण होतं मोतीबिंदू, म्हणजे ऑपरेशनने बरा होणारा आजार. पण देशात नेत्रतज्ज्ञ होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि डोंगराळ गावांतून शहरात यायला कित्येक दिवसांची पायपीट.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं, त्यांचेही हाल होते. त्या काळी डोळ्यातलं खराब झालेलं भिंग काढून टाकत आणि बदल्यात जाड काचेचा चष्मा देत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. श्रीमंत देशांत तोवर डोळ्याच्या आत कृत्रिम लेन्स बसवायला सुरुवात झाली होती. पण एका लेन्सची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. गरिबांना ती परवडणार नाही, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत.

हे मानायला डॉ. संदुक रुइत तयार नव्हते. नेपाळच्या दुर्गम ईशान्य डोंगराळ भागात जन्मलेले रुइत डॉक्टर झाले लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात आणि नेत्रतज्ज्ञ झाले दिल्लीच्या एम्समध्ये. ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्याशी त्यांची 1985 मध्ये भेट झाली आणि पुढची दिशा ठरली. 1994 मध्ये काठमांडूत तिलगंगा नेत्र केंद्र सुरू झालं. पाठोपाठ तिथेच लेन्स बनवण्याचा कारखाना उभा राहिला आणि लेन्सची किंमत पाच डॉलरच्या खाली आली.

रुइत यांनी ऑपरेशनची पद्धतही साधी केली. लहान चीर, टाका नाही, महागडं मशीन नाही. हे गरिबांसाठी दुय्यम काम होतं का? अमेरिकेतले एक नामवंत सर्जन आपलं आधुनिक मशीन घेऊन नेपाळमध्ये आले आणि दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना झाली. 2007 साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दोन्हीकडे 98 टक्के रुग्णांची नजर चांगली होती. फरक इतकाच की बिनटाक्याच्या ऑपरेशनला सरासरी नऊ मिनिटं लागत होती, मशीनच्या ऑपरेशनला साडेपंधरा.

डॉक्टरच्या खालची फळी

ही गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती एका मोठ्या डॉक्टरची कथा ठरेल. आमच्या मते खरा धडा वेगळा आहे. नेपाळने डॉक्टरच्या खालची फळी उभी केली. शाळा संपलेल्या तरुण-तरुणींना नेत्र सहाय्यक म्हणून शिकवलं. नजर तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं, मोतीबिंदू ओळखणं, ऑपरेशननंतर लक्ष ठेवणं ही कामं ते जिल्ह्यांतल्या छोट्या केंद्रांत करू लागले. डॉक्टरचा वेळ ऑपरेशनसाठी मोकळा झाला. गावातल्या महिला आरोग्य स्वयंसेविका 1993 पासून वर्षातून दोनदा मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देऊ लागल्या. रातांधळेपणा आणि त्यातून येणारं अंधत्व रोखण्यात या बायकांचा वाटा फार मोठा आहे. 2018 मध्ये खुपऱ्यांचा आजार ही सार्वजनिक समस्या म्हणून संपवणारा नेपाळ हा आग्नेय आशिया विभागातला पहिला देश ठरला. भारताला ही मान्यता मिळाली 2024 मध्ये.

आज नेपाळच्या तराईतल्या बिराटनगर आणि लहान (हे शहराचं नावच आहे) इथल्या नेत्र रुग्णालयांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून हजारो रुग्ण जातात. आपल्यापेक्षा गरीब असलेल्या देशात आपले लोक डोळे बरे करून घ्यायला जातात, ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

नेपाळमध्ये सगळं झकास आहे, असं आमचं म्हणणं नाही. तिथेही डॉक्टर शहरांत जास्त आहेत आणि मधुमेहाने होणारे पडद्याचे आजार वाढत आहेत. पण पाया माणसांचा आहे, म्हणून इमारत टिकली.

हे आपल्या देशातही घडलंय. मदुराईत डॉ. व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 1976 मध्ये फक्त 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. खेड्यातल्या मुलींना प्रशिक्षण दिलं आणि आज त्या रुग्णालयाचा कणा याच मुली आहेत. 1992 मध्ये त्यांनीही लेन्सचा स्वतःचा कारखाना काढला. ज्याला परवडतं तो पैसे देतो, त्यातून गरिबाचं ऑपरेशन होतं. तिलगंगाचा हिशोबही असाच चालतो.

आपण काय करायचं?

मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा कामगार, घरी बसून जरीकाम करणारी बाई, यांची रोजी नजरेवर चालते. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि कमाई घटते. आसाममधल्या चाळिशी ओलांडलेल्या चहा कामगारांवर अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांचं काम चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी वाढलं. साधी चाळिशी घराचं उत्पन्न वाढवते, याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

म्हणून आपल्या अंजुमन, जमात, ट्रस्ट आणि तरुण मंडळांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली, शिबिराच्या खर्चातला काही भाग दरवर्षी शिक्षणाला द्या. बारावी सायन्स झालेली आपली मुलं-मुली नीटमध्ये नंबर लागला नाही की निराश होतात. ऑप्टोमेट्रीची पदवी, नेत्र सहाय्यकाचा डिप्लोमा हे रस्ते त्यांना कुणी सांगतच नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला रीतसर मान्यता दिली आहे. मोहल्ल्यातली एक मुलगी शिकली तर पुढची तीस वर्षं तिथे डोळे तपासायला माणूस असेल.

दुसरी, एक खोली आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस. जवळच्या चांगल्या नेत्र रुग्णालयाशी करार करा. पत्ता तोच, वार तोच, वर्षभर.

तिसरी, घरातल्या बायकांकडे आधी बघा. जगभरात दृष्टिदोष असलेल्यांत 55 टक्के स्त्रिया आहेत. त्यांना वय जास्त मिळतं हे एक कारण, पण उपचार उशिरा मिळतो हेही तितकंच खरं. "मला कुठं बाहेर जायचंय, भागतंय माझं" असं अम्मी किंवा दादी म्हणतात आणि आपण ऐकून घेतो.

चौथी, जागृती. साखरेचा आजार असलेल्याने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचाच, दिसत असलं तरी. मुलांच्या डोळ्यांना खाज येते म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब स्वतःच आणून महिनोन् महिने घालू नका. त्याने काचबिंदू होऊ शकतो. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं आढळलं आहे, लहान बाळांच्या डोळ्यांत तो घालणं टाळा. हे जुम्याच्या दिवशी दोन मिनिटांत सांगता येतं.

शिबिरं बंद करा, असं कुणी म्हणत नाही. रुइत यांनीही डोंगरात शिबिरं घेतली. पण दुसऱ्या दिवशी पट्टी उघडून तपासायला माणूस होता आणि नंतर जायला केंद्र होतं. या वर्षी शिबिराची मीटिंग बसेल तेव्हा मंडप, जेवण आणि बॅनर यांच्या खर्चाखाली एक ओळ वाढवा: एका विद्यार्थ्याची फी.