सल्ला की होकार?

लग्न ठरवताना मामांना विचारतात. पण त्यांनी नाक मुरडले म्हणून कोणी मांडव मोडत नाही. विचारणे वेगळे, होकार घेणे वेगळे. संविधानाच्या कलम १२४ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपतींनी नेमायचे, तेही सरन्यायाधीशांशी ‘कन्सल्टेशन’, म्हणजे सल्लामसलत, करून. ‘कॉन्करन्स’, म्हणजे संमती, हा शब्द तिथे नाही.

तो नजरचुकीने राहिलेला नाही. तो घालावा, अशी पोकर साहेबांची दुरुस्ती संविधान सभेपुढे होती. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिला ठाम विरोध केला. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, सामान्यांचे रागलोभ आणि पूर्वग्रह त्यांनाही असणार, असे त्यांचे म्हणणे. जो अधिकार राष्ट्रपतींना किंवा सरकारला एकट्याने द्यायला आपण राजी नाही, तो सरन्यायाधीशांच्या हाती द्यायचा कशाला? इतका खल करून निवडलेला शब्द क्वचितच सापडेल.

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सल्ला म्हणजे संमती नव्हे, असेच म्हटले. १९९३ मध्ये मात्र नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सरन्यायाधीशांच्या, म्हणजे न्यायसंस्थेच्या, मताला अग्रक्रम दिला आणि कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीश निवडणारे ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, जन्माला आले. सल्ल्याचा जवळजवळ होकारच झाला. १९९८ मध्ये त्यात सरन्यायाधीशांसोबत चार ज्येष्ठ न्यायाधीश बसले. आणि हे सारे कलमातला एकही शब्द न बदलता!

न्यायालयाची भीती खोटी होती, असे नाही. १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. १९७७ मध्ये डावलले जाण्याची पाळी एच. आर. खन्नांवर आली. सरकारला मोकळे रान दिले की काय होते, ते न्यायमूर्तींनी डोळ्यांदेखत पाहिले होते. पण त्यावर उपाय घटनादुरुस्तीचा होता, शब्दाला ताणण्याचा नव्हे. पुढे संसदेने न्यायाधीशांच्या नियुक्ती आयोगासाठी घटनादुरुस्ती केलीही; २०१५ मध्ये न्यायालयाने ती चार विरुद्ध एक अशी रद्द केली.

आता सरकारने परत केलेले नाव कॉलेजियमने पुन्हा पाठवले तर सरकारला ते मान्य करावे लागते, असा दंडक आहे. मान्य कधी करायचे, याचे बंधन मात्र संविधानात कुठेच नाही. सरकार ‘नाही’ म्हणत नाही. फाइल तेवढी दाबून ठेवते.