‘हराम आहे’ म्हटल्याने कपाटाला कुलूप लागत नाही

कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो. निकालानंतर आमच्यातला एक जण ‘मी नसलो तर बरं’ म्हणू लागला. आम्ही म्हणालो, ‘तौबा कर, हराम आहे.’ तो गप्प झाला. आम्हाला वाटलं, त्याला पटलं. पटलं नव्हतं, फक्त बोलणं थांबलं होतं.

मग आम्ही थेट विचारलं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ तो रडला. त्याच रात्री घरातली औषधं मित्राकडे नेऊन ठेवली, त्याला एकटं सोडलं नाही आणि टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन लावला.

‘ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधतोच’ हा समज खोटा आहे. ती तीव्र लाट बहुधा ओसरते. तेवढा वेळ मिळायला हवा. श्रीलंकेने १९९५पासून घातक कीटकनाशकांवर बंदी आणत नेली, तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७चं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा मानतं. कायदा बदलला, आपली जीभ कधी बदलणार? दोस्तांनो, फतवा नंतर. आधी कुलूप लावा, शेजारी बसा.