जिमखान्याकडून मुर्ध्याने काय घ्यावे

मुंबईत रग्बी खेळली जाते हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना असते त्यांना ते बहुधा राहुल बोस या अभिनेत्यामुळे. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने आझाद मैदानाच्या टोकावरच्या गवतावर हा खेळ जपला. इंग्रज गेले तेव्हा त्याला इथे ना प्रेक्षक होते, ना पैसा, ना शाळांमधून येणारी मुले. तरी तो टिकला, आणि त्याचे मोठे श्रेय मला त्या मैदानाला द्यावेसे वाटते. याच गवतावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथ यांनी शतक ठोकले. हिवाळ्यात इथे क्रिकेट असते. पावसाने खेळपट्टी बुडाली की त्याच चिखलात रग्बीवाले उतरतात. रग्बीसाठी वेगळी जागा राखायची वेळ कधी आली नाही, म्हणून ती काढून घ्यायची वेळही कोणावर आली नाही. याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचे. तिथला रग्बीचा क्लब १८७३ मध्ये निघाला, सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि १८७८ मध्ये त्याला टाळे लागले. बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला गेला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी झुंजतात. एकाच खेळावर उभा राहिलेला क्लब पाच वर्षांत करंडकापुरता उरला आणि अनेक खेळांचा जिमखाना दीडशे वर्षे चालला, हा फरक मला योगायोग वाटत नाही.

हा इतिहास मुर्ध्याला सांगण्याचे कारण आहे. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे अजून गावे म्हणून ओळखली जातात. एका बाजूला मिठागरे आणि खाडी, दुसऱ्या बाजूला सरकत येणारे शहर. २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. मेट्रो-९ ची कारशेड आधी राई-मुर्धा परिसरातच ठरली होती. ग्रामस्थांनी विरोध केला आणि ती डोंगरीकडे हलली. म्हणजे इथली मोकळी जमीन कोणाच्या तरी नकाशावर आधीपासून आहेच. अशा जागी कबड्डीचे मंडळ एका मोसमात मैदान आखते आणि पुढच्या मोसमात तिथे मांडव, वाहनतळ किंवा कुंपण सापडते. महापालिका स्पर्धेच्या दिवसापुरती परवानगी देते, पुढारी चषकाला नाव देतात, आणि चषक वाटून झाला की जागा पुन्हा कोणाचीच नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की विकास आराखड्यात खेळासाठी राखलेल्या भूखंडांपैकी एक मोठा भूखंड महापालिकेने या गावांतल्या मंडळांना एकत्रितपणे पंधरा-वीस वर्षांच्या वापरासाठी द्यावा, आणि तो एका खेळासाठी देऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जिमखाना म्हणजे साहेबांची मिरास, तिचे गोडवे कसले गाता? आक्षेप खरा आहे, किंबहुना तो मांडला जातो त्याहून खरा आहे. बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद आपल्या क्रिकेटचे गवत जपून ठेवत आणि पोलोचे घोडे मात्र देशी मुले खेळत त्या मैदानावर नाचवत. १८८१ मध्ये पारशी क्रिकेटपटूंना याविरुद्ध सरकारकडे अर्ज करावा लागला. शापूरजी सोराबजी यांनी ती लढाई पुढे पुस्तकात नोंदवून ठेवली. मग पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकाठची जागा मिळाली खरी, पण धर्माधर्मांत वाटून. पुण्यात दलित क्रिकेटपटू पी. बाळू गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवत होते. पुढे हिंदूंच्या संघात ते गोलंदाज म्हणून हवे होते, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हे सगळे घडले कारण जमीन देताना ती कोणाला वापरता येणार नाही हे न लिहिताही सगळ्यांना कळत होते. म्हणूनच मुर्ध्याच्या करारात ते उलट बाजूने लिहून टाकावे: गावकरी असो वा कालच भाड्याने राहायला आलेला, मुलगा असो वा मुलगी, प्रवेशशुल्क नाही, आणि मंडळाच्या सभासदत्वाची अट नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मैदाने खासगी हातांत दिली की काय होते, हे मुंबईकरांना शिकवायला नको. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले, गदारोळ उठला, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. लोकांचा राग रास्त होता. पण तो राग नीट पाहिला तर त्याचा रोख वाढत गेलेल्या बांधकामांवर आणि बंद फाटकांवर होता. क्लबहाऊस, हॉल, उपाहारगृह यांना परवानगीच नसेल तर हडपण्यासारखे फारसे उरत नाही. कपडे बदलायला खोली, पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे पुरेत. देखभाल न केल्यास करार रद्द करण्याचा अधिकार महापालिकेकडे राहावा. आणि महापालिकेने स्वतःच का राखू नये, असे कोणी विचारले तर राखावे, अवश्य राखावे. फक्त मैदान सांभाळायला रोज संध्याकाळी तिथे येणारी माणसे लागतात, आणि ती मंडळांकडे आहेत.

मुर्ध्यात रग्बी कोण खेळणार, हा प्रश्न हसून विचारला जाईल. खेळली नाही तरी बिघडत नाही. पण हसण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. चढाईवाल्याला मांडीशी धरून पाडणारा कबड्डीचा खेळाडू रग्बीची अर्धी विद्या घेऊनच येतो. आणि २०१८ मध्ये पहिला पंधरा-पंधराचा आंतरराष्ट्रीय सामना खेळलेल्या भारतीय महिला संघाने पुढच्याच वर्षी सिंगापूरला हरवले. खरा मुद्दा मापाचा आहे. रग्बीचे मैदान शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटरपर्यंत रुंद, म्हणजे कडेची जागा धरून दोन-अडीच एकर. कबड्डीचे १३ बाय १० मीटर. मोठ्या खेळाचे मैदान राखले तर त्यात लहान खेळांची कितीतरी मैदाने मावतात. लहान खेळापुरती जागा राखली तर मोठा खेळ कधीच येत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हे फार पूर्वी करून दाखवले. १९०६ साली निघालेल्या या संस्थेत इंग्रजी खेळांच्या जोडीने देशी खेळ रुजले, खो-खोचे नियम तिथेच बांधले गेले, आणि तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी पोरे पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ धाडण्याचे मनावर घेतले. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वा आला.

जमीन आणायची कुठून, हे विचारताना कोणाची नजर मिठागरांकडे वळत असेल तर ती तिथून हटवावी. भरतीचे आणि पावसाचे पाणी या भागात तिथेच सामावते, तिथे भराव टाकून केलेले मैदान दर जुलैत गावाच्या घरांत पाणी ढकलेल. आरक्षित भूखंडांचीच यादी काढावी, ग्रामसभेसारखी खुली बैठक बोलवावी, आणि पहिल्या वर्षी एक साधी अट घालावी: जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्या जागेवर प्रदर्शन, मेळा वा सभामंडप लागणार नाही. पावसाळ्यात मैदान रिकामेच असते, मग भाड्याने दिले तर काय बिघडले, असे महापालिकेच्या हिशेबनीसाला वाटते. त्याच चार महिन्यांत गवत धरते, आणि त्याच चार महिन्यांत चिखलात खेळायला पोरे हौसेने येतात.